कालवा ज्वारीसाठी, पाणी उसाला: सोलापूरच्या पाळीपाण्याची पार्श्वभूमी

उजनी धरणाचे आवर्तन, म्हणजे कालव्यातली पाण्याची खेप, कधी सोडायचे हे ठरवायला कालवा सल्लागार समिती बसली की जिल्ह्यात दरवर्षीचे भांडण सुरू होते. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेपटाला, पाणी का पोचत नाही, आणि हेडला, म्हणजे तोंडाला, सगळा ऊसच का उभा आहे? लोक याचे खापर उजनीवर फोडतात. पण हे भांडण उजनीपेक्षा शंभरेक वर्षांनी थोरले आहे.

सोलापूर शहराबाहेर तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव लागतो. सरकारी दप्तरात त्याचे नाव एकरुख. आदिला नदीवर मातीचा बांध घालून तो 1871 मध्ये पुरा झाला. पुढे 1876-77 च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचे म्हणून आष्टीच्या तलावाचे काम निघाले. दोन्हींमागे हिशोब साधा होता: पाऊस बेभरवशाचा आहे, पाणी दिले की शेतकरी घेईल आणि पाणीपट्टीतून खर्च निघेल.

तो हिशोब काळ्या जमिनीने चुकवला. इथली ज्वारी उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर काढायची. मंगळवेढ्याची भारी जमीन ओल इतकी धरून ठेवते की बऱ्या सालात कालव्याकडे बघायचीही गरज पडत नाही. लागलेच तर ज्वारी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात असताना एखादे पाणी. म्हणजे पाऊस चांगला तेव्हा कालव्याला गिऱ्हाईक नाही, आणि पाऊस गेला की सगळे गाव एकाच आठवड्यात पाणी मागणार, तेही तलावच अर्धा रिकामा असताना. दख्खनच्या बहुतेक संरक्षक, म्हणजे दुष्काळापासून पीक वाचवायला बांधलेल्या, कामांची हीच गत झाली. भांडवलावरचे व्याजही सुटेना.

मग वर्षभर पाणी घेणारे आणि भरघोस पट्टी देणारे पीक कोणते, तर ऊस. पण त्याला मोकळे सोडले तर तो सगळा कालवा पिणार. यावर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुण्याकडे काम करणाऱ्या विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत काढली. पाणी एकाच गावात साचू न देता ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक अनेक गावांत पसरायचे, प्रत्येक ब्लॉकच्या एका हिश्श्यातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिके, आणि दरसाल फेरपालट. पिकांची विविधता कालव्याच्या नियमातच बसवण्याचा हा आपल्याकडचा पहिला गंभीर प्रयत्न असावा. कल्पना चांगलीच होती. अडचण अशी की उसाचा हिस्सा सगळे पाळत आणि उरलेला हिस्सा कागदावर राही.

नीरा उजवा कालवा माळशिरसकडे आला तेव्हा हे उघड झाले. सासवडकडचे माळी बागाईतदार खंडाने जमिनी घेऊन या भागात आले, ऊस लावला, आणि 1930 च्या दशकात माळीनगरला त्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. त्यांच्या कष्टाला नावे ठेवायचे कारण नाही. पण कारखाना एकदा उभा राहिला की पाण्याचा धनी बदलतो. गाळप हंगाम चालवायचा तर ऊस हवा, आणि ऊस हवा तर पाळी हवी. नीरेच्या जुन्या कालव्यांवर तोवर दुसरे दुखणेही दिसू लागले होते. पाणी जिरून जिरून जमिनी चिबड (पाणथळ) झाल्या, काही चोपण (क्षारांनी निकामी) झाल्या. चर खोदून पाणी काढायचे काम इंग्रजांच्या काळातच सुरू करावे लागले.

इथे भाताच्या मुलखाकडे एक नजर टाकली तर आपला पेच नीट कळतो. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांवर पाणी बांधीतून (भाताच्या खाचरातून) बांधीत उतरते. भात उभ्या पाण्यात खुश असतो, त्यामुळे वाटप सोपे. अडते ते भातानंतर, किंवा भाताशेजारी दुसरे काही घ्यायचे म्हटले की. हरभऱ्याला किंवा भाजीला पाणी मोजून आणि मधे खंड देऊन लागते, शेजारच्या बांधीतला पाझर त्याला मारतो, आणि एकट्याच्या शेतापर्यंत जाणारी चारी तिथे नसतेच. सोलापुरात चाऱ्या, पोटचाऱ्या, दारे सगळे आहे, ठरलेल्या क्रमाने, खंड देऊन पाणी देणारी शेजपाळीही आहे. तरी पिके एकसुरी झाली. म्हणजे नुसती चारी बांधून पिके बदलत नाहीत.

शेजपाळी जवळून पाहिली की कारण दिसते. शेतकरी पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, पाटकरी (कालव्यावरचा कर्मचारी) यादी करतो, आणि नियमाप्रमाणे पाणी टेलकडून हेडकडे यायचे. यादीत नावापुढे तास लिहिलेले असतात. रात्री दोनला पाळी आली तर दोनला बॅटरी आणि फावडे घेऊन दारे धरायला जायचे. इतके करूनही आवर्तन पंधरा दिवस पुढे गेले, वर कोणी दार फोडले, की यादी कोलमडते. अशा वेळी मिरची-टोमॅटो वाळतो, ऊस पिवळा पडतो पण जगतो. खेप चुकली तरी तग धरणारे पीक शेतकरी निवडतो, यात त्याचे काय चुकले? उसाला पाणी फार लागते हे खरेच, पण त्याला वक्तशीर पाणी लागत नाही. धोरण लिहिणाऱ्यांनी पहिल्या गोष्टीवर पानेच्या पाने खर्च केली, दुसरीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

उजनीचे काम 1966 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये धरण पुरे झाले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त 53 च्या आसपास, उरलेला मृतसाठा. म्हणून तर उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला की इथे ‘उजनी वजामध्ये गेली’ ही बातमी असते. धरण होत आले असतानाच, 1979 मध्ये, दांडेकर, देऊस्कर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने आठमाही पाण्याचा आग्रह धरला: खरीप आणि रब्बीला पाणी द्या, उन्हाळ्यात कालव्यातून नको, म्हणजे तेच पाणी कितीतरी जास्त शेतांना पुरेल. सरकारने तत्त्वतः मानले. पण तत्त्वतः मानणे आणि उन्हाळ्यात दार बंद ठेवणे यांत मोठे अंतर असते. जिल्ह्यात आज तीसहून अधिक कारखाने आहेत. धरणामागच्या बॅकवॉटरवर पाणी उपसणाऱ्या मोटारींची रांग आहे. उन्हाळी आवर्तन निघतेच.

पिके खरी बदलली ती कालव्याच्या नियमांनी नव्हे. सांगोल्यात डाळिंब वाढले ते विहीर, ठिबक आणि पुढे शेततळ्यावर. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो, पानगळ करावी लागते, आणि मग ठरल्या दिवशी पाणी सुरू करावे लागते. कालवा सल्लागार समितीच्या तारखेवर हे जमणारच नाही. पंढरपुराकडे कासेगावची द्राक्षे, करमाळ्यात कंदरची केळी, यांचीही गोष्ट तीच: पाणी थोडे असो, चावी आपल्या हातात हवी. केळी तर उसाइतकीच तहानलेली, पण तिला ठिबकवर रोजचे पाणी मोजून देता येते. 2005 च्या पाणी वापर संस्थांच्या कायद्याने हीच चावी गटाने हाती घ्यावी, पाणी घनमापाने मोजून घ्यावे आणि आत कोणते पीक घ्यायचे ते गटाने ठरवावे, अशी सोय केली. संस्था नोंदल्या गेल्या. मोजून पाणी मिळण्यासाठी मात्र आधी ते चारीच्या तोंडाशी वेळेवर यावे लागते. टेलच्या गावांत अजून लोक कालव्याचे पाणी आले की आधी विहिरीत सोडून घेतात आणि मग आपल्या वेळेने पिकाला देतात.