अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार : संशोधन आणि बडोद्याचा मराठी संदर्भ

लक्ष टिकवणे, हालचाल आवरणे आणि मनात आलेली गोष्ट करण्याआधी क्षणभर थांबणे, या बाबतींत वयाच्या मानाने ठळक उणीव दिसणारा मज्जाविकासाचा विकार. दवाखान्यात आणि घरात ‘एडीएचडी’ हेच नाव चालते. ‘अवधानन्यूनता’ हा शब्द छापील मजकुराबाहेर फारसा ऐकू येत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने तरी टिकलेली आणि घर, शाळा, कामाची जागा यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसणारी असली, तरच निदान करतात. शिवाय त्यांनी रोजच्या जगण्यात अडथळा आणलेला असावा लागतो. ही शेवटची अट लोक हमखास विसरतात. नुसते चळवळे मूल आजारी नसते.

अशा मुलांसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. वांड, द्वाड, उपद्व्यापी हे एका बाजूचे. वेंधळा, धांदरट, विसरभोळा हे दुसऱ्या. पायाला भिंगरी एकाच्या, चित्त थाऱ्यावर नाही ते दुसऱ्याचे. बडोद्याच्या मराठी घरांत गुजरातीतून आलेला ‘तोफानी’ही त्यांत मिसळतो. बोलीने सहज वेगळे ठेवलेले हे दोन गट शास्त्राला नीट वेगळे करायला १९८० उजाडले. मात्र या सगळ्या शब्दांत स्वभावाचा नाहीतर वळणाचा ठपका आहे, आणि वळणाचा ठपका बहुतेक वेळा आईच्या माथी बसतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने हा ठपका हळूहळू उतरवला.

शाळा आणि विकार यांचे नाते जुने आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये १९०२ साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांनी केले आणि त्याला नैतिक संयमाचा दोष म्हटले. त्याच सुमारास बडोदा संस्थानात वेगळेच काही चालले होते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण सर्व मुले एका खोलीत, एका वेळी, एकाच पाटीवर नजर लावून बसू लागली, तेव्हाच न बसू शकणारे मूल उठून दिसू लागले. गुरे राखणाऱ्या पोराची चंचलता कोण मोजणार? शाळा हे या विकाराचे कारण नव्हे. तो दाखवणारी काच आहे. ही काच कधी फसवतेही : अनेक देशांतल्या पाहण्यांत वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांना हे निदान अधिक मिळालेले आढळले. अकरा महिन्यांनी लहान असणे हा आजार खासच नव्हे.

स्टिल यांच्याही आधी, १७९८ मध्ये, स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी लक्ष न ठरण्याच्या अवस्थेचे वर्णन केले होते. खरी कलाटणी मात्र अपघाताने मिळाली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीवर उपाय शोधत होते. १९३७ मध्ये त्यांनी ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक दिले. डोकेदुखी राहिली बाजूला, निम्म्याच्या आसपास मुले शाळेच्या कामात अचानक रमली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे हे कोडेच होते. पुढे १९४४ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. ‘रिटालिन’ हे त्याचे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून पडले. नावे विकाराचीही बदलत गेली. १९६८ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत भर हालचालीवर होता, १९८० मध्ये तो लक्षावर आला, १९८७ मध्ये आजचे जोडनाव आले आणि १९९४ मध्ये तीन प्रकार ठरले.

औषधाचे कोडे पुढे बरेचसे सुटले. मिथाइलफेनिडेट मज्जापेशींमधल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचे पुनर्शोषण रोखते, त्यामुळे कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे आवरण्याचे आणि आखण्याचे केंद्र, नीट काम करू लागतो. लगाम घट्ट होतो, घोडा दमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे बाहेरच्या थराची, निम्मी ठिकाणे कमाल जाडीला पोचण्याचे वय इतर मुलांत सुमारे साडेसात, तर या मुलांत साडेदहा वर्षे निघाले. हालचालींचे केंद्र मात्र त्यांच्यात थोडे आधीच पक्व झालेले होते. इंजिन आधी आणि ब्रेक मागाहून, असे त्याचे रूप. तरीही एखाद्या मुलाचा स्कॅन काढून निदान करता येत नाही. दोन गटांच्या सरासरीत दिसणारा फरक फार लहान असतो, आणि स्कॅनच्या जोरावर खात्री देणाऱ्यापासून पालकांनी चार हात दूर राहावे.

प्रयोगशाळेतला सर्वांत बोलका निष्कर्ष कमी प्रसिद्ध आहे. बटण दाबण्याच्या साध्या चाचण्यांत ही मुले सरसकट हळू नसतात. ती अनियमित असतात. चार वेळा झटकन, पाचव्यांदा हरवलेली. ‘मनात आणलं तर करतो, म्हणजे मुद्दामच करत नाही’ हा पालकांचा आणि शिक्षकांचा आवडता युक्तिवाद इथे कोसळतो. कधीकधी जमणे हेच या विकाराचे लक्षण आहे.

कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के येतो. याचा अर्थ लोकसंख्येतल्या फरकांपैकी तेवढा भाग जनुकीय फरकांशी जोडलेला आहे. एका मुलाच्या आजाराचे असे भाग पाडता येत नाहीत. एकच दोषी जनुक नाही : जनुकसंचाच्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात १२ ठिकाणे सापडली, २०२३ मध्ये ती २७ झाली, आणि प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. अकाली जन्म, कमी वजन, शिशाचा संपर्क यांनी धोका वाढतो. साखरेने वाढत नाही. कोणी काय खाल्ले हे लपवून केलेल्या चाचण्यांत साखरेने वागणूक बदललेली दिसली नाही. सणाच्या दिवशी पोरे उधळतात ती श्रीखंडाने नव्हे, घर भरले म्हणून.

जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ मध्ये मुलांतले प्रमाण सुमारे ५ टक्के काढले गेले. देशादेशांतला फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीचा निघाला. कोइम्बतूरच्या प्राथमिक शाळांतील ७७० मुलांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते ११ टक्क्यांवर गेले. प्रश्नावली कोणी भरली आणि छाननी किती कडक होती, यावर आकडा हलतो.

मोठ्या माणसांवरचे संशोधन उशिरा आले, आणि सर्वांत जास्त वादही तिथेच आहेत. मूल वयात आले की आजार जातो, असे डॉक्टर बराच काळ सांगत. धावपळ खरोखर कमी होते. विसरणे, दिरंगाई, अर्धवट सोडलेली कामे आणि आतली अस्वस्थता मागे राहते. मोठ्यांतले प्रमाण सुमारे अडीच टक्के मानतात, आणि २०१३ च्या निदानपुस्तिकेने त्यांच्यासाठी लक्षणांचा उंबरठा सहावरून पाचवर आणला. मग २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातून धक्का बसला. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांचा जन्मापासून मागोवा घेतला जात होता. वयाच्या ३८ व्या वर्षी निकष पूर्ण करणारे बहुतेक जण बालपणी या निदानाचे नव्हते, आणि बालपणी निदान झालेल्यांपैकी मोजकेच आता निकषांत बसत होते. म्हणजे हे दोन वेगळे आजार की काय? नंतरच्या अमेरिकी विश्लेषणात अशा ‘उशिरा सुरू झालेल्या’ तक्रारींची पायरीपायरीने छाननी केली, तेव्हा बहुतेकांमागे नैराश्य, चिंता किंवा व्यसन निघाले. दुसरीकडे, बालपणापासून पाहिलेल्या साडेपाचशेहून अधिक जणांत पूर्ण आणि टिकाऊ बरे होणारे जेमतेम ९ टक्के होते. बाकी बहुतेकांत आजार ओसरत आणि उसळत राहिला. स्त्रियांची कथा निराळी. शांत बसून हरवणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही, आणि मुलाची तपासणी चालू असताना आईलाच स्वतःचे बालपण ओळखू येते.

उपचारांचा गाजलेला अभ्यास अमेरिकेतला, १९९९ चा : ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले, १४ महिने. मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी गटांतला फरक पुसला गेला, हे कमी सांगितले जाते. भूक मंदावणे, झोप लांबणे, उंची थोडी कमी वाढणे हे तोटे आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण सुचवतात. भारतात मिथाइलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ते सहसा नसते. अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध त्या मानाने सहज मिळते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराची चाचपणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही.

बालविकासाचा अभ्यास बडोद्याला नवा नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकासाचा विभाग आणि त्याच विद्याशाखेची चेतन बालवाडी आहे. सयाजी रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. इथल्या मराठी मुलाची तपासणी मात्र एका वेगळ्याच ठिकाणी अडते. दांडिया बाजारच्या घरात तो मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. दोन ठिकाणांची माहिती हवी म्हणून आजी मराठीत सांगते, शिक्षिका गुजरातीत किंवा इंग्रजीत प्रश्नावली भरते. ‘सूचना ऐकत नाही’ यावर खूण करताना लक्ष नव्हते की सूचनाच कळली नव्हती, हे तिला वेगळे करता येईलच असे नाही. म्हणून प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत एकदा पुन्हा विचारणे हा वेळेचा अपव्यय नसतो.

मोठ्यांच्या बाबतीत बारा वर्षांच्या आतला पुरावा लागतो आणि आठवण भरवशाची नसते. ज्यांचे शिक्षण बडोद्यात मराठी माध्यमातून झाले, त्यांच्याकडे तो कधी कपाटातल्या पिवळ्या पडलेल्या प्रगतिपुस्तकात निघतो. हुशार आहे, वर्गात फार बोलतो, वही अपुरी, लक्ष दिल्यास प्रगती करेल : असाच शेरा लागोपाठ चार इयत्तांत, चार निरनिराळ्या हस्ताक्षरांत असेल, तर डॉक्टर तो कागद बाजूला ठेवून घेतात.