काळ्या धाग्याची गाडी

अंगणातल्या बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवून पाहा. बाज जुनी, खिळखिळी असेल तर ती पिळवटते आणि बाकीचे तिन्ही पाय जमिनीला टेकलेलेच राहतात. नवी, घट्ट ठोकलेली बाज पिळवटत नाही. तिचा एक ना एक पाय अधांतरी राहतो आणि ती डुगडुगते. महागड्या स्पोर्ट्स कारच्या सांगाड्याची परीक्षाही अशीच घेतात. मागचा भाग पक्का जखडायचा, पुढच्या भागाला पीळ द्यायचा आणि सांगाडा किती अंश वळला ते मोजायचं. असा सांगाडा ज्या काळ्या धाग्यापासून बनवतात, त्या कार्बन फायबरची ही गोष्ट.

लॅम्बोर्गिनीच्या २०२३ साली आलेल्या रेव्हुएल्टो गाडीचा सांगाडा एक अंश वळवायला ४०,००० न्यूटन-मीटर पीळ लागतो. म्हणजे सांगाड्याला आडवा ४० मीटरचा दांडा बांधून त्याच्या टोकाला क्विंटलभर कापसाचं गाठोडं टांगलं, तरी तो जेमतेम एक अंश वळेल. (दांड्याचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही.) लॅम्बोर्गिनी हे नाव शेतकऱ्याला परकं वाटू नये. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा इटलीतला शेतकऱ्याचा मुलगा. १९४८ मध्ये त्यानं ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि स्पोर्ट्स कारकडे तो त्यानंतर, १९६३ मध्ये वळला.

सांगाडा इतका ताठ कशासाठी? वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते तोलायला स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असतात आणि त्यांची मापं अभियंता बारकाईनं ठरवतो. रस्त्याशी चाकाचा कोन तर अंशाच्या काही भागापर्यंत जुळवलेला असतो. पण स्प्रिंग ज्या सांगाड्याला जोडलेली, तोच पिळवटत असेल, तर सांगाडाच पाचवी स्प्रिंग होऊन बसतो, आणि या स्प्रिंगला शॉक ॲब्सॉर्बर नसतो. बंडीचा आख ढिला झाला की चाक लचकत चालतं आणि त्याची लोखंडी धाव एका बाजूनं झिजते, तोच प्रकार इथं ताशी २०० किलोमीटरला होतो.

नुसता ताठपणा हवा असेल तर पोलादाचा पत्रा जाड करा, काम झालं. पण वजन वाढतं, आणि त्याची किंमत वेग घेताना, वळताना आणि थांबताना अशी तीनदा मोजावी लागते. १,४८० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकमध्ये सुमारे २३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात माठातलं जवळपास ७ लिटर पाणी उकळीला येईल, आणि ही सगळी उष्णता काही सेकंदांत ब्रेकच्या चार चकत्यांना सोसायची असते.

१,४८० किलो हे वजन टोयोटा कंपनीच्या लेक्सस एलएफए या जपानी गाडीचं आहे. २०१० ते २०१२ या काळात तिच्या फक्त ५०० गाड्या बनल्या. तिचं काम सुरू झालं तेव्हा सांगाडा ॲल्युमिनियमचा ठरला होता. २००५ मध्ये, कित्येक वर्षांची मेहनत बाजूला ठेवून, टोयोटाच्या अभियंत्यांनी तो कार्बन फायबरमध्ये नव्यानं करायचा निर्णय घेतला. त्यामुळे सुमारे १०० किलो वजन वाचलं. कार्बन फायबर म्हणजे धागा. त्यामुळे गाडीच्या कारखान्यात माग बसवावा लागला, आणि कापसाच्या मुलखात सांगण्यासारखी गोष्ट इथूनच सुरू होते.

कोळशाचा धागा पहिल्यांदा कामी आला तो कापसाचाच. एडिसननं १८७९ मध्ये शिवणाचा सुती दोरा हवा न लागू देता भाजला, त्याचा कोळसा झाला आणि तो काचेच्या फुग्यात काही तास उजळत राहिला. पुढं त्यानं बांबूच्या कमचीचा कोळसा वापरला, तो हजार तासांहून अधिक टिकला. कोळसा पाडणारा भट्टी मातीनं लिंपून घेतो त्यामागचं तत्त्व हेच आहे: हवा मिळाली तर राख होते, नाही मिळाली तर कोळसा.

मग आजचा कार्बन फायबर कापसापासून का करत नाहीत? कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याच्या वजनात कार्बन असतो सुमारे ४४ टक्के. भाजताना त्यातलाही बराचसा वायू होऊन उडून जातो. म्हणून आता बहुतेक कार्बन धागा पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून बनतो. हिवाळ्यात बाजारात मिळणाऱ्या ॲक्रिलिक स्वेटरच्या लोकरीचा हा सख्खा भाऊ. यात कार्बन ६८ टक्के असतो आणि भाजून झाल्यावर मूळ वजनाच्या जवळपास निम्मा माल हाती येतो.

भाजायची रीत दोन टप्प्यांची आहे. आधी धागा ताणून धरून २०० ते ३०० अंशांच्या गरम हवेत सावकाश फिरवतात. पांढरा धागा पिवळा, तपकिरी, मग काळा होतो आणि पुढच्या आचेला वितळण्याचं विसरतो. इथं घाई केली तर धाग्यातून स्वतःची उष्णता बाहेर पडून तो पेट घेतो. दुसऱ्या टप्प्यात नायट्रोजन भरलेल्या भट्टीत १,००० ते १,५०० अंशांवर बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि कार्बनचे थर धाग्याच्या लांबीला धरून रचले जातात. ताण सैल पडला तर रचना विस्कटते आणि धागा कच्चा राहतो. चरख्यावर सूत काततानाही ताण चुकला की पोत बिघडतो. तयार तंतू ५ ते ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, म्हणजे कापसाच्या तंतूच्या निम्म्याहून कमी. असे ३,००० किंवा १२,००० तंतू एकत्र घेऊन पेळू होतो.

स्लॅबमध्ये घालतो ती एफई-५०० सळई ५०० मेगापास्कलच्या (हे ताणाचं माप) आसपास ताणली की कायमची लांबते. साधा कार्बन तंतू सुमारे ३,५०० मेगापास्कलला तुटतो, आणि त्याची घनता पोलादाच्या पाव हिश्श्याहूनही कमी. मात्र जाहिरातीत पुढची गोष्ट सांगत नाहीत. ही ताकद फक्त धाग्याच्या लांबीत असते. बांबू आडवा तोडायला कुऱ्हाड लागते, पण उभा चिरायला कोयत्याची एक टिचकी पुरते, तसंच हे आहे. सगळे धागे एका दिशेला घातलेल्या तुकड्याच्या जागी धागे चारही दिशांना सारखे वाटून टाकले, तर ताठरता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. असा भाग ॲल्युमिनियमपेक्षा थोडाच सरस ठरतो आणि किंमत मात्र कितीतरी पट. कार्बन वापरूनही गाडी जड झाली, तर पहिली शंका इथंच घ्यावी: अभियंत्यानं धातूचाच नकाशा काळ्या कापडात कापला असणार.

बुरडाची तट्टी पाहिली की दिशेचं महत्त्व लगेच कळतं. उभ्या-आडव्या विणीची तट्टी कोपरा धरून ओढली की चौकोनाचा तिरपा शंकरपाळा होतो. तिला कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरप्या कमच्या बांधल्या की ती हलत नाही. पीळ सोसायचा भार अशा तिरप्या धाग्यांवर येतो. म्हणून गाडीच्या दाराखालच्या लांब पेटीत, जिच्यावर सांगाड्याचा पीळ सगळ्यात जास्त येतो, कापडाचे बरेच थर ४५ अंशात तिरपे घालतात. छताच्या कडेला वाकण्याचा जोर जास्त, तिथं धागे लांबीला धरून जातात. एक थर सुमारे पाव मिलिमीटरचा. आठ थर झाले की २ मिलिमीटर. कोणता थर कितव्या अंशात, याचा तक्ता प्रत्येक भागासोबत असतो आणि कापड कापणाऱ्यापासून तपासणाऱ्यापर्यंत तोच सगळ्यांच्या हाती फिरतो.

एलएफएमध्ये समोरच्या काचेशेजारच्या खांबापासून छताच्या कडेपर्यंत जाणारा भाग पोकळ आहे. सपाट कापड गुंडाळून तो केला असता तर लांबीभर सांधा आला असता आणि तिथंच तो उसवला असता. म्हणून टोयोटानं गोल माग उभारला, जो साच्याभोवती धागे फिरवत बिनसांध्याची नळी विणतो. टोपलीच्या बुडापासून कड चढवत नेणारा बुरड हेच हातानं करतो. टोयोटाला माग नवा नव्हता. साकिची टोयोडानं १९२४ मध्ये धागा तुटला की आपोआप थांबणारा माग पूर्ण केला आणि १९२६ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. मोटारीचा धंदा त्या कंपनीच्या पोटातून पुढं जन्मला. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्येच सुरू झाली होती, हे इथं सहज आठवतं.

विणलेलं कापड नुसतं कापडच. त्याला ताठ करतं ते इपॉक्सी रेझिन, म्हणजे पिकून कडक होणारा चिकट द्रव, आणि बहुतेक चुका इथंच होतात. उत्तम भागांसाठी कापड कारखान्यातूनच रेझिन मुरवून येतं. ते उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात, नाहीतर रेझिन आपोआप पिकत जातं. फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. श्रावणातल्या दमट हवेत गार कापड उघडलं की थंड तांब्यावर जमतं तसं त्यावर पाणी जमतं. ते पाणी भट्टीत वाफ होऊन थरांमध्ये बुडबुडे करतं आणि भाग आतून सच्छिद्र होतो. पिशवी बंद ठेवूनच, काही तास जाऊ देऊन, कापड खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

मग थर एकेक करून साच्यात दाबून बसवायचे. वरून प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून आतली हवा खेचून घ्यायची आणि साचा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरसारख्या दाबाच्या भट्टीत, ठेवायचा. घरच्या कुकरमध्ये साधारण १ बार जादा दाब असतो. इथं तो ६ बारच्या आसपास आणि तापमान १२० ते १८० अंश. दाबानं बुडबुडे चिरडले जातात आणि जादा रेझिन बाहेर येतं. याला काही तास लागतात. पोलादाचं दार प्रेसमध्ये काही सेकंदांत निघतं. अशी गाडी महाग का, याचं अर्धं उत्तर या तासांत आहे.

साचा कशाचा करायचा, हाही कळीचा प्रश्न. लोहार धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळतो, कारण तापलं की लोखंड फुगतं. साच्याचं हेच फुगणं नडतं. २ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा साचा १०० अंशांनी तापला की साडेचार मिलिमीटरहून जास्त लांबतो. कार्बनचा भाग अर्धा मिलिमीटरही नाही. निवताना साचा आक्रसतो आणि भाग त्यात आवळला जातो. म्हणून मोठ्या भागांचे साचे कार्बनचेच करतात, नाहीतर इन्व्हार या ३६ टक्के निकेलच्या मिश्रधातूचे.

फ्रीजर किंवा ऑटोक्लेव्ह नसलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बॉनेट, आरशाचं कव्हर यांसारखे भाग ब्रशनं रेझिन लावून करतात. विदर्भाच्या मे महिन्यात हे काम पहाटेच करावं. रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर मिसळल्यावर काम करायला मिळणारा वेळ दर १० अंशांमागे साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर ४५ अंशांना सात-आठ मिनिटंच. खोल डब्यात जास्त मिश्रण केलं तर ते स्वतःच्या उष्णतेनं धुरायला लागतं. पसरट भांड्यात थोडं थोडं करावं. उलट चूकही नेहमी दिसते. खोलीच्या तापमानाला पिकवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांनाच नरमायला लागतं, आणि चंद्रपूरच्या उन्हात उभ्या गाडीचा काळा पत्रा त्याच्याही वर तापतो. मग बॉनेट वाकतं आणि पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते. भाग साच्यातून काढायच्या आधी रेझिनच्या पत्रकात दिलेल्या तापमानाला पुन्हा शेकावाच लागतो. घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि उडणारी भुकटी विजेच्या मोटारीत जाऊ द्यायची नाही. कार्बनमधून वीज वाहते, मोटार शॉर्ट होते.

याच गुणामुळे आणखी एक घात होतो. ॲल्युमिनियमचा बोल्ट किंवा पट्टी कार्बनला थेट टेकली आणि पावसाचं पाणी शिरलं, की दोघांची बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम पांढरा भुगा होऊन झडतं. उपाय स्वस्त आहे: मध्ये काचेच्या कापडाचा एक थर आणि टायटॅनियमचा किंवा योग्य स्टेनलेसचा बोल्ट.

मोठ्या सपाट भागात नुसते थर वाढवत नाहीत. वरूड-मोर्शीची संत्री ज्या पुठ्ठ्याच्या पेटीत जातात, तिची कड पाहा. दोन पातळ कागद आणि मध्ये नालीदार पोकळ कागद. गाडीत कागदाच्या जागी कार्बन आणि नालीच्या जागी ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी किंवा फेस येतो. जाडी दुप्पट झाली की ताठरता अनेक पटींनी वाढते आणि वजन नावापुरतंच.

१९८१ मध्ये मॅक्लारेनची एमपी४/१ ही कार्बन सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन गाडी धावली, तेव्हा काळा सांगाडा धडकेत काचेसारखा फुटेल अशी अनेकांना भीती होती. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी जोरात आदळून मागच्या भागापासून तुटली, आणि तो त्यातून चालत बाहेर आला.

कार्बनचा खरा धोका लहान माराचा असतो. दगड लागला की पोलादाला पोचा पडतो आणि दिसतो. कार्बन लवतो, परत सरळ होतो, वरून कोरा दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात. मोठ्या कारखान्यात ध्वनिलहरींच्या यंत्रानं तपासतात, पण नाण्यानं वाजवून पाहायची पद्धत विमानाच्या हँगरमध्येही आजवर टिकून आहे. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवतो तसंच: शाबूत भाग टणटणतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. बद्द आवाजाची हद्द खडूनं आखायची. मग वरून आत पायऱ्या-पायऱ्यांनी एकेक थर घासून काढायचा आणि प्रत्येक पायरीवर नव्या कापडाचा तुकडा मूळ थराच्याच दिशेनं बसवायचा. त्यासाठी थरांचा तक्ता जवळ हवा. ४५ अंशांच्या जागी सरळ तुकडा बसला, तर पुढच्या पहिल्या जोरदार वळणाला पीळ त्याच जागी शोधत येतो. वरून पॉलिश मारलं की बरोबर आणि चुकीचा तुकडा अगदी सारखे दिसतात.