डेन्मार्कमधील पवनऊर्जा संशोधन

डेन्मार्कमध्ये वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे संशोधन सव्वाशे वर्षांहून जुने आहे. कारागीर आणि शास्त्रज्ञ एकाच यंत्राभोवती काम करत राहिले, हे त्याचे खरे बळ.

पोल ला कूर या भौतिकीच्या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव गावच्या लोकविद्यालयात प्रायोगिक पवनचक्की उभारली. तिच्या विजेने पाण्याचे विघटन करून तो हायड्रोजन साठवी आणि त्यावर शाळेतले दिवे लावी. खेडेगावांसाठी वीजतंत्रज्ञ घडवण्याचे वर्गही त्याने चालवले. त्याचाच विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॉट क्षमतेची चक्की चालू केली. वारा प्रमाणाबाहेर वाढला की तिच्या पात्यांवरचा हवेचा प्रवाह विस्कळीत होऊन वेग आपोआप आवरला जाई. अतिवेगाच्या प्रसंगी पात्यांची टोके वळून ब्रेकचे काम करत. ही साधी रचना पुढे ‘डॅनिश पद्धत’ म्हणून जगभर गेली.

स्वस्त तेलाच्या काळात हे काम मागे पडले. १९७३ च्या तेलसंकटाने ते पुन्हा निकडीचे झाले. सुतार, लोहार आणि हौशी अभियंते लहान चक्क्या बांधू लागले. ट्विंड येथे शिक्षक, विद्यार्थी व स्वयंसेवकांनी १९७८ पर्यंत एक महाकाय चक्की स्वतः उभी केली. अणुसंशोधनासाठी स्थापन झालेल्या रिसो प्रयोगशाळेत त्याच वर्षी लहान चक्क्यांचे चाचणी केंद्र निघाले. १९७९ पासून खरेदीवर ३० टक्के सरकारी अनुदान मिळू लागले, मात्र रिसोने मान्य केलेल्या चक्कीलाच. या एका अटीने कच्ची यंत्रे गाळली गेली, आणि कारागिराला प्रयोगशाळेचे दार उघडले. चक्कीमालकांची संघटना प्रत्येक चक्कीचे उत्पादन आणि बिघाड आपल्या मासिकात छापत असे. अपयश लपवण्याची सोयच उरली नाही. जर्मनीने थेट ३ मेगावॉटची ‘ग्रोव्हियान’ चक्की बांधली. ती फारशी चाललीच नाही. डॅनिश यंत्रे मात्र पायरी-पायरीने मोठी होत गेली.

१९८५ मध्ये संसदेने अणुवीज ऊर्जानियोजनातून वगळली. १९९१ मध्ये विंडेबी येथे ११ चक्क्यांचा जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प सुरू झाला. कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेन प्रकल्पाची (२०००) निम्मी मालकी नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे होती. अलीकडे देशाच्या वीजवापराचा निम्म्याहून अधिक भाग वारा भागवतो.

आता महाकाय चक्क्यांच्या चाचण्या उत्तर युटलंडमधील ऑस्टेरिल्ड केंद्रात होतात. त्यासाठी जंगल तोडावे लागले आणि त्याला स्थानिकांनी जोरदार विरोध केला होता.