पोलादी कमान उभी राहते ती पायाच्या जोरावर

पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये भिंत कुठे संपली आणि छप्पर कुठे सुरू झालं, हे सांगता येत नाही. तिची ताकद त्यातच आहे आणि तिच्या बहुतेक दुखण्यांचं मूळही त्यातच.

सपाट पातळ पत्रा दोन टोकांवर ठेवला की मध्ये झोळ खातो. त्याला पन्हळी पाडल्या की पन्हळीच्या दिशेने तो कितीतरी ताठ होतो. लंडनच्या गोदीत काम करणारे अभियंते हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये अशा पत्र्याचं पेटंट घेतलं. पुढे जस्ताचा लेप आला आणि गंजाचा प्रश्न आटोक्यात आला.

या पत्र्याची झटपट घरं करण्याची गरज पहिल्या महायुद्धाने निर्माण केली. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातले अभियंते पीटर निसेन यांनी १६ फूट रुंद, २७ फूट लांब अशी अर्धगोल पत्र्याची झोपडी आखली. सगळे सुटे भाग एका लष्करी गाडीत मावत आणि सहा माणसं साधारण चार तासांत ती उभी करत. अमेरिकी नौदलाने १९४१ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉन्सेट पॉइंटजवळ हीच कल्पना पुढे नेली. त्यांच्या २० बाय ४८ फुटी नमुन्यातली फासळी, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणारी वाकवलेली पोलादी पट्टी, फार हुशारीने केलेली होती. पन्हाळीसारख्या दोन पोलादी पट्ट्या पाठीला पाठ लावून वेल्ड केलेल्या आणि मधे अरुंद फट. त्या फटीत ठोकलेला खिळा आत वाकून घट्ट बसे. छिद्र पाडायलाच नको. युद्धानंतर याच झोपड्या घरं, गोदामं, दुकानं झाल्या. लॉस एंजेलिसमध्ये तर ७५० झोपड्यांची एक वसाहतच उभी राहिली. तिकडे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर इटालियन युद्धकैद्यांनी निसेनच्या दोन झोपड्या जोडून चर्च केलं.

आता पायाकडे येऊ, कारण खरी चूक तिथेच होते. कमानीवर भार आला की तिचे पाय नुसते खाली दाबले जात नाहीत, ते बाहेरही फाकू पाहतात. समजा, ६ मीटर रुंद अर्धगोल कमान आहे आणि तिच्यावर दर चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका भार आहे. मग शेडच्या प्रत्येक मीटर लांबीला एका पायावर खाली ३ किलोन्यूटन आणि बाहेरच्या दिशेने ढोबळमानाने १.५ किलोन्यूटन येतात. तीच रुंदी ठेवून उंची निम्मी केली, तर बाहेरचा रेटा दुप्पट. म्हणून बसकी कमान स्वस्त दिसली तरी पाया महाग पडतो. वादळात उलटंच घडतं: वारा माथ्याला वर ओढतो आणि अँकर बोल्ट, म्हणजे कमान पायाला धरून ठेवणारे बोल्ट, उपटायला बघतो. पाया या दोन्ही दिशांचा हिशोब करूनच घालावा लागतो. बर्फ एकाच बाजूला साचला तर कमान वाकडी होते, आणि तो भार सारख्या पसरलेल्या भारापेक्षा घातक असतो.

फासळ्या नसलेल्या, नुसत्या खोल पन्हळीच्या शेडमध्ये कमानीचे तुकडे जमिनीवरच जोडतात, मग एकेक कमान उचलून काँक्रीटमधल्या खाचेत उभी करतात. पहिल्या काही कमानी दोरांनी ताणून धराव्याच लागतात. मोकळी कमान वाऱ्याच्या एका झोतात पिळली जाते. बोल्ट आधी सैल ठेवावेत आणि सगळं ओळंब्यात आल्यावरच आवळावेत. सुरुवातीलाच आवळले तर पुढची छिद्रं जुळत नाहीत, मग छिद्रं मोठी केली जातात आणि तिथूनच पाणी झिरपतं. शेवटी खाच ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरून वरून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. तिथे पाणी साचलं तर पत्रा नेमका पायाशीच गंजतो, जिथे सगळा भार उतरतो.

दार शक्यतो टोकाच्या सपाट भिंतीत ठेवावं. कमानीतच भोक पाडलं तर भाराची वाट तुटते. मग भोकाभोवती स्वतंत्र चौकट घालावी लागते. आतली जागाही नीट मोजून घ्यावी. ६ मीटर रुंदीच्या शेडमध्ये कडेपासून अर्ध्या मीटरवर उंची जेमतेम १.६५ मीटर मिळते, म्हणून कपाटं भिंतीला लागत नाहीत. थंड रात्री आतली दमट हवा पत्र्याला लागून पाणी ठिबकतं. धान्य किंवा यंत्रं ठेवायची असतील तर आतून उष्णतारोधक थर आणि दोन्ही टोकांना वरच्या बाजूला झरोके हवेतच.