गर्श्विनचं गाणं कुठलं आणि गर्श्विनच्या कॉर्डवरचं नवं गाणं कुठलं?

'ओलिओ' हे जॅझमधलं गाणं अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं नाही. ते सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचं आहे; १९५४ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटात ते ध्वनिमुद्रित झालं. गर्श्विनकडून त्यात आला तो फक्त कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा) क्रम, १९३०च्या 'आय गॉट ऱ्हिदम'चा. तरीही 'ओलिओ', त्याच कॉर्डवरचं 'अँथ्रोपॉलॉजी' आणि एला फिट्झजेराल्डने गायलेली गर्श्विनची गाणी 'गर्श्विन कव्हर्स' म्हणून एकाच यादीत घातली जातात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट बहुतेकांच्या कानावरची आहे: गाणं तेच, मांडणी नवी. एलाचा १९५९चा गर्श्विन संच, माइल्स आणि मांडणीकार गिल इव्हान्सचा 'पोर्गी अँड बेस', सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'समरटाइम', सगळे यात बसतात. कोल्ट्रेनने १९६०मध्ये 'बट नॉट फॉर मी'चे बरेच कॉर्डही बदलले. पण चाल गर्श्विनचीच ठेवली, म्हणून गाणंही गर्श्विनचंच.

दुसऱ्या प्रकाराला कॉन्ट्राफॅक्ट म्हणतात. तिथे उलट होतं: कॉर्ड जुने, चाल नवी. 'आय गॉट ऱ्हिदम'चे कॉर्ड यासाठी इतके वापरले गेले की वादक त्यांना नुसतं 'ऱ्हिदम चेंजेस' म्हणतात. बी-फ्लॅट पट्टीत आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) पहिला भाग बी-फ्लॅट, जी, सी मायनर, एफ असा सुरू होतो, प्रत्येक कॉर्डला दोन ठोके. तो भाग दोनदा झाला की आठ बारचा ब्रिज, म्हणजे मधला वेगळा भाग, येतो: डी, जी, सी, एफ हे सेव्हन्थ कॉर्ड, प्रत्येकी दोन बार. मग पहिला भाग पुन्हा. हा साचा सगळ्यांना पाठ असल्याने नवी चाल ऐनवेळी वाजवता येई. शिवाय मालकी हक्क चाल आणि शब्दांवर असे, नुसत्या कॉर्डच्या क्रमावर नाही. त्यामुळे जुन्या गाण्याची रॉयल्टी वाचे आणि नवं गाणं वादकाच्या नावावर लागे.

इथपर्यंत सोपं आहे. गोंधळ होतो तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करपाशी, आणि चांगले जाणकारही इथे चुकतात. ऑक्टोबर १९४७मध्ये त्याने डायल या रेकॉर्ड कंपनीसाठी गर्श्विनचं 'एम्ब्रेसेबल यू' वाजवलं. पहिल्या टेकमध्ये (एकाच गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात) तो सहा स्वरांच्या एका तुकड्याने सुरुवात करतो आणि तोच फिरवत नेतो. मूळ चाल जवळजवळ ऐकूच येत नाही. डिसेंबरमध्ये त्याच कंपनीसाठी, त्याच गाण्याच्या कॉर्डवर त्याने 'क्वासिमोडो' केलं. मूळ चाल दोन्हीकडे नाही, मग एक गर्श्विनचं आणि दुसरं पार्करचं कसं?

उत्तर टेकमध्ये आहे. 'एम्ब्रेसेबल यू'चा दुसरा टेक लावा: पार्कर वेगळंच वाजवतो, कारण तो पहिल्या स्वरापासून उपज करतो आहे. 'क्वासिमोडो'च्या सुरुवातीला मात्र बांधलेली चाल आहे. ती लिहून ठेवता येते आणि दुसरा वादक तशीच वाजवू शकतो. मूळ चाल हरवली एवढ्यावरून कॉन्ट्राफॅक्ट ठरत नाही. तिच्या जागी दुसरी पक्की चाल असावी लागते. ती ऐकायची जागा म्हणजे हेड, पहिल्या सोलोच्या आधीचा आणि बहुधा शेवटच्या सोलोनंतर परत येणारा भाग. सोलो ऐकून निर्णय देऊ नका. सोलोत सगळेच मूळ चालीपासून दूर जातात.

घरी तपासायचं तर रेकॉर्डबरोबर मूळ गाणं गुणगुणा. 'ओलिओ'वर आयरा गर्श्विनचे शब्द चालीशी जुळणार नाहीत, पण खालचे कॉर्ड जुळतील. इथे एक चूक हमखास होते, कारण मूळ 'आय गॉट ऱ्हिदम' ३४ बारचं आहे, शेवटी दोन बारचं शेपूट आहे. जॅझवाले ते कापून ३२ बार वाजवतात. शेपटासकट गुणगुणलात तर दर आवर्तनाला दोन बारने मागे पडाल आणि 'हे कॉर्ड वेगळे आहेत' असा चुकीचा निष्कर्ष काढाल. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत ३२ बारचं आवर्तन साधारण ३८ सेकंदांचं असतं. आवर्तनाच्या १९व्या सेकंदाच्या आसपास ब्रिजचा डी ऐकू आला की कॉर्ड जुळले असं समजा.

'एकाच रागातल्या दोन बंदिशी' ही उपमा इथे सुचू शकते. मला ती मुळीच पटत नाही. कितव्या मात्रेला कुठे असायचं हे राग सांगत नाही. कॉर्डचा क्रम सांगतो, सतराव्या बारला डी म्हणजे डीच. तुलना करायचीच तर ठेक्याशी करा.

काही रचना अर्ध्याच गर्श्विनच्या कॉर्डवर असतात. पार्करच्या 'स्क्रॅपल फ्रॉम द अ‍ॅपल'मध्ये बाकीचे भाग फॅट्स वॉलरच्या 'हनीसकल रोझ'चे आणि ब्रिज तेवढा 'ऱ्हिदम'चा. 'पोर्गी अँड बेस'च्या तबकडीवरही 'गॉन' हा तुकडा गर्श्विनचा नसून गिल इव्हान्सचा आहे. म्हणून संगीतकाराचं नाव तबकडीच्या शीर्षकावरून लिहू नका, प्रत्येक तुकड्याचं हेड ऐकून लिहा.