बर्फ इथे, फूट तिथे

गावातलं एखादं पोरगं फौजेत असतं, लेहला नाहीतर द्रासला. डिसेंबरात त्याचा फोन आला की एक वाक्य हमखास येतं, 'इकडे नळ गोठलेत.' रात्रभर हरभऱ्याला ओलित करून आलेल्या बापाला ते काही पटत नाही. थंडी त्यालाही ठाऊक आहे, पण तोटीतून पाणीच येऊ नये म्हणजे काय? शंका रास्त आहे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला, तेव्हा तो विक्रम ठरला. म्हणजे आपली विक्रमी थंडीसुद्धा शून्याच्या वरच राहिली.

आणि नुसतं शून्यावर येऊन भागतही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या चाचण्यांत, काहीही न गुंडाळलेल्या पाइपातलं पाणी गोठायला बाहेरचं तापमान उणे सहा-सात अंशांपर्यंत उतरावं लागलं. पाइपात निवांत पडलेलं पाणी शून्याखाली दोन-चार अंश गेलं तरी पाणीच राहतं. बर्फाचा पहिला कण कुठे धरायचा हे ठरेपर्यंत ते तसंच थांबून असतं. मग एकदा सुरुवात झाली की काही क्षणांत पिसांसारखे बर्फाचे पाते पाइपभर पसरतात.

इथे जरा हिशेब करू. एक ग्रॅम पाणी एक अंशानं थंड करायला एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, पण शून्य अंशाच्या त्याच ग्रॅमचा बर्फ करायला ८० कॅलरी. उणे चार अंशांवरचं पाणी अचानक गोठू लागलं, तर शंभरातले जेमतेम पाच भागच तिथल्या तिथे बर्फ होतात. उरलेले ९५ भाग पाणीच. पण त्या पाच भागांची जाळी पाइपात अशी अडकते की धार बंद. 'नळ गोठला' म्हणतात तेव्हा आत पुष्कळदा पाणीच जास्त असतं.

पाइप फुटतो तो याच्या पुढच्या टप्प्यात. बर्फ झाला की पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे शाळेत शिकवतात. त्यावरून वाटतं की बर्फानं आतून रेटा दिला आणि पाइप चिरला. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाला लांबीच्या दिशेनं सरकायला जागा असते. तो वाढत जातो आणि पुढचं पाणी तोटीकडे ढकलतो. तोटी बंद असेल तर त्या पाण्याला जायला वाट नाही, आणि पाणी दाबलं जात नाही. बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्या मधल्या तुकड्यात दाब चढत जातो आणि जो सांधा किंवा कोपरा कच्चा असेल तो जातो. म्हणजे जिथे बर्फाचा कणही नाही, तिथे पाइप फुटतो. मालकाला ते लगेच कळतही नाही, कारण मागे बर्फाचा बूच बसलेला असतो. ऊन पडलं, बूच सुटला, की घरभर पाणी.

थंड मुलखात रात्री तोटी थोडी सोडून ठेवतात ती यासाठी. थेंब थेंब वाहतं म्हणून पाणी गोठत नाही, असं लोक समजतात. थोडा फायदा तोही होतो, पण खरं काम दाब सुटण्याचं. पाइपाला गोणपाट, चिंध्या, फोम गुंडाळणं चांगलंच. फक्त एक ध्यानात ठेवावं, गुंडाळलेलं कापड ऊब तयार करत नाही, आहे ती हळू जाऊ देतं. घर चार दिवस बंद राहणार असेल तर कितीही गुंडाळा, पाइप शेवटी बाहेरच्या तापमानाला येणारच. तेव्हा मुख्य कॉक बंद करून सगळं पाणी काढून टाकणं हाच पक्का उपाय.

गोठलेला पाइप सोडवायची घाई मात्र नडते. आधी तोटी उघडायची, मग तोटीच्या बाजूनं गरम पाण्यात भिजवलेलं फडकं लावत मागे मागे जायचं. पाइप मधल्याच जागी तापवला तर वितळलेलं पाणी दोन बर्फांच्या मधे कोंडतं, आणि लोखंडी पाइपावर जाळ धरला असेल तर त्याची वाफ होते. पीव्हीसीला जाळ दाखवणं तर नकोच, तो साठेक अंशांनाच आपली ताकद सोडू लागतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासात थंडीची लाट आली आणि घराघरांत पाइप फुटले. तिकडे उन्हाळा कडक, म्हणून पाइप बाहेरच्या भिंतींतून नि माळ्यावरून उघडेच नेलेले. गरम प्रदेशाची घरं थंडीचा विचार करत नाहीत, आपलीही करत नाहीत.

मग विदर्भात बर्फाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो आभाळाशी आहे. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. वावरातलं पान मात्र रात्रभर उघड्या आभाळाकडे आपली उष्णता फेकत असतं. कोरडी हवा, ढग नाही, वारा पडलेला, अशी रात्र असेल तर पान हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होतं. पेटीत तीन अंश आणि तणसाच्या वरच्या काड्यांवर पांढरं दहिवर, हे म्हणूनच शक्य आहे. हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लिहून ठेवलंय की अलाहाबादकडे लोक उसाची चिपाडं नि कडबा पसरून त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत. तिथेही हवा शून्याच्या वरच असायची. खालून जमिनीची ऊब तुटलेली, वरून आभाळ उघडं, आणि झिरपणाऱ्या मातीतून होणारं बाष्पीभवन. तिन्ही मिळून काम होई.

त्याच रात्री अंगणातला पाइप का गोठत नाही? कारण पान पातळ, त्याच्याजवळ साठा नाही. अर्ध्या इंची पाइपात एका मीटरला पावणेदोनशे ग्रॅम पाणी मावतं. ते वीस अंशांवरून शून्यावर आणायला साडेतीन हजार कॅलरी जायला हव्यात, आणि पुढे गोठायला आणखी चौदा हजार. तेवढ्यात भोवतालची तीन-चार अंशांची हवा ऊब परत देत राहते आणि पहाट होते.

आपल्या गावांत धोका असलाच तर धाब्यावरच्या सोलर बंबाला. चपट्या प्रकारात तांब्याच्या बारीक नळ्या काळ्या पत्र्याला चिकटवलेल्या असतात. पत्रा मोठा, आभाळाकडे तोंड केलेला, आणि नळीत पाणी थोडं. पानाचीच गत. असे बंब हवा शून्याच्या चार-पाच अंश वर असतानाही गोठून फुटल्याचं जगभर अनुभवलं गेलंय. मेळघाटात किंवा सातपुड्याच्या पायथ्याला पारा पाचाखाली जायची चिन्हं असतील, तर संध्याकाळी त्यावर ताडपत्री किंवा जुनी सतरंजी टाकावी. आभाळ झाकलं की निम्मं काम झालं.

बाकी सगळ्या पाइपांना जमिनीइतकी चांगली गोधडी नाही. दिवस-रात्रीचा चढउतार मातीत फूटभर खाली गेल्यावर जवळजवळ संपतो. आणखी खोल गेलं की तिथे वर्षभराची सरासरीच उरते, विदर्भात ती पंचवीस-सत्तावीस अंशांच्या आसपास. म्हणून जानेवारीच्या पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं नि त्यातून वाफा निघतात. लेहला पाइप गोठणाऱ्या थराच्या खाली, बरेच फूट खोल पुरावे लागतात. आपल्याला दोन-अडीच फूट पुरतात, आणि खरं सांगायचं तर ते थंडीपेक्षा उन्हाळ्यासाठी. २३ मे २०१३ ला नागपूर ४७.९ अंशांवर होतं. तशा उन्हात उघडा पीव्हीसी पांढुरका पडतो, ठिसूळ होतो, आणि मग बैलाच्या पायानंही तडकतो.

पुरताना काळी माती मात्र दगा देते. पावसाळ्यात फुगते, एप्रिलपासून आक्रसून हातभर खोल भेगा पडतात, आणि त्या ओढाताणीत सांधा सुटतो. नालीत खाली-वर चार-सहा बोटं रेती किंवा बारीक मुरूम टाकला तर पाइपाला सरकायला जागा मिळते. दुसरी गोष्ट, एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचा काळा पाइप उन्हानं भलताच वाढतो. शंभर मीटरच्या गुंडाळीत ३० अंशांचा फरक पडला तर लांबी अर्ध्या मीटरनं बदलते. भर दुपारी तापलेला पाइप ताणून जोडला की रात्री तो आक्रसतो नि सांध्याला ओढ बसते. नालीत तो नागमोडी सोडावा, आणि माती लोटायची ती सकाळी, पाइप गार असताना.