डेटनचा पेपरवाला: जेम्स कॉक्स आणि ओहायोचं राजकारण

1920 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी दोन्ही मोठ्या पक्षांनी उभे केलेले उमेदवार एकाच राज्यातले होते आणि दोघांचा धंदाही एकच होता. रिपब्लिकन वॉरन हार्डिंग हे मॅरियन गावातल्या ‘मॅरियन स्टार’चे मालक, तर डेमोक्रॅट जेम्स कॉक्स हे डेटन शहरातल्या ‘डेटन डेली न्यूज’चे. दोघंही ओहायोचे. हार्डिंग निवडून आले आणि पुढे त्यांच्या कारकिर्दीतल्या भानगडींमुळे का होईना, लोकांच्या लक्षात राहिले. हरलेले कॉक्स आता कुणाला फारसे आठवत नाहीत. आठवलेच तर ‘फ्रँकलिन रूझवेल्ट उपाध्यक्षपदाला उभे राहिले ते कॉक्स यांच्या जोडीने’ एवढ्यापुरते. पण पेपर चालवणारा माणूस राज्य चालवायला लागला की काय होतं हे बघायचं, तर हार्डिंगपेक्षा कॉक्स जास्त कामाचे आहेत.

त्याआधी त्या काळच्या ओहायोतला पेपरचा धंदा समजून घ्यायला हवा. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मुख्य गावात बहुधा दोन पेपर असत, एक रिपब्लिकनांचा आणि एक डेमोक्रॅटांचा. निःपक्षपातीपणाचा आव कुणी फारसा आणत नसे. त्यामागे तत्त्वापेक्षा रोकडा हिशेब असे. लिलावाच्या नोटिसा, सरकारी जाहिराती, कचेरीची छपाई ही कामं सत्तेत असलेल्या पक्षाच्या पेपरकडे जात. हार्डिंग यांनी 1884 मध्ये दोन मित्रांबरोबर 300 डॉलरला ‘स्टार’ घेतला, तेव्हा तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. मग ही छपाई मिळावी म्हणून त्यांनी रिपब्लिकन बाण्याची साप्ताहिक आवृत्ती काढली. पक्षाशी नातं जडलं ते असं, छापखान्याच्या दारातून. गावाचं कौतुक करा, कुणाला उगीच दुखवू नका, हे त्यांचं पेपरचं धोरण होतं आणि राजकारणातही ते तसेच वागले. राज्याच्या सिनेटमध्ये गेले, लेफ्टनंट गव्हर्नर झाले, आणि वाटेत शत्रू फारसे केले नाहीत.

कॉक्स यांचा पिंड वेगळा. 31 मार्च 1870 रोजी जॅक्सनबर्गजवळच्या एका शेतकरी घरात ते जन्मले. सात भावंडांत धाकटे. काही दिवस शाळामास्तरकी केली, मेव्हण्याच्या मिडलटाउनमधल्या छोट्या पेपरात हात काळे केले, मग ‘सिनसिनाटी एन्क्वायरर’मध्ये बातमीदार झाले. तिथून तंबाखूच्या धंद्यात श्रीमंत झालेले काँग्रेस सदस्य पॉल सॉर्ग यांचे सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेले. राजकारणाची आतली बाजू त्यांनी पाहिली ती या नोकरीत. सॉर्ग यांचीच आर्थिक मदत घेऊन 1898 मध्ये त्यांनी डेटनमधला एक गटांगळ्या खाणारा सायंदैनिक विकत घेतला. वय अवघं 28.

‘डेटन डेली न्यूज’ असं नाव देऊन त्यांनी तो उभा केला, तो अग्रलेखांच्या जोरावर नव्हे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या तारेवरून येणाऱ्या देशोदेशीच्या बातम्या, खेळाचं पान, फोटो, आसपासच्या गावांची सदरं, आणि मुख्य म्हणजे शेअर, धान्य आणि गुराढोरांच्या बाजाराचे त्या दिवसाचे भाव. डुकरांचा भाव संध्याकाळी घरबसल्या कळतो म्हटल्यावर शेतकरी पेपर घेणारच. पुढच्या काही वर्षांत शेजारच्या स्प्रिंगफील्डमधलाही एक पेपर त्यांच्या हाती आला.

डेटनमध्ये त्यांच्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. नव्या इमारतीसाठी ते बँकेकडे कर्ज मागायला गेले, तर बँकवाल्याने पेपरच्या धंद्यात कधी कुणाला पैसा मिळाला नाही, असं म्हणून वाटेला लावलं. कॉक्स यांनी आपल्या आर्किटेक्टला सांगितलं, मला बँकच बांधून दे. झालेली इमारत खरोखरच जुन्या बँकेसारखी दिसते: पुढे उंच दगडी खांब, न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट या बँकेच्या धर्तीवर. गोष्ट किती खरी, किती मीठमसाला, कोण जाणे; इमारत मात्र खरी आहे.

गावातल्या बड्या लोकांशी पंगा घेणं हा या पेपरचा स्वभाव होता. डेटनमधला सगळ्यात बडा माणूस म्हणजे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचे जॉन पॅटर्सन. त्यांचं आणि कॉक्स यांच्या पेपरचं फारसं जमलं नाही. पेपर म्हणजे मालकाच्या हातातली काठी, हे त्या काळी सगळे धरूनच चालत. कॉक्स 1908 मध्ये काँग्रेसवर निवडून गेले आणि 1912 मध्ये ओहायोचे गव्हर्नर झाले, तरी पेपरची मालकी त्यांच्याकडेच राहिली. (अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राजभवनातला पाहुणा नव्हे. तो थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्य चालवतो.) आज यावर हितसंबंधांची ओरड झाली असती. तेव्हा ती रीतच होती आणि हे मला त्या काळाच्या भोळेपणापेक्षा त्याच्या निगरगट्टपणाचं लक्षण वाटतं.

जानेवारी 1913 मध्ये कॉक्स यांनी कोलंबस या राजधानीत सूत्रं घेतली आणि दोनच महिन्यांत, ईस्टरच्या सुमारास, ओहायोवर अस्मानी कोसळली. ग्रेट मियामी नदीचे बांध फुटले आणि डेटनचा मध्यभाग पाण्याखाली गेला. गॅसचे पाईप फुटून आगी लागल्या. नदीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. राज्याच्या प्रमुखाचं स्वतःचं गाव बुडालेलं आणि तिथली बातमी कळायला मार्ग नाही. अशा वेळी डेटनच्या टेलिफोन कचेरीत अडकलेला जॉन बेल नावाचा कर्मचारी कोलंबसशी जोडलेली एक तार धरून राहिला. खाली पाणी, वर तो. गव्हर्नरना तो ठरावीक वेळाने शहराची हालहवाल कळवत होता आणि त्यावरून कुठे काय पाठवायचं हे ठरत होतं. पाऊस, बर्फ आणि आगीच्या त्या दिवसांत फोन उचलला की तो म्हणे, ‘गुड मॉर्निंग, गव्हर्नर. डेटनमध्ये छान ऊन पडलंय.’ कॉक्स जन्मभर हा माणूस विसरले नाहीत. एकेकाळच्या बातमीदाराला बातमी पोचवणाऱ्याची किंमत ठाऊक असणारच.

त्याच पुरात पॅटर्सन हिरो ठरले. त्यांचा कारखाना उंचावर होता. त्यांनी सुतारांना कामाला लावून सपाट बुडाच्या शेकडो होड्या करवून घेतल्या, कारखान्यात लोकांना अन्न आणि आसरा दिला. गंमत अशी की, पूर यायच्या महिनाभर आधीच याच गृहस्थांना मक्तेदारीविरोधी खटल्यात एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली होती. अपिलात ती पुढे टिकली नाही. कॉक्स यांनी जुनं वैर बाजूला ठेवून डेटनच्या मदतकार्याची धुरा त्यांच्याच हाती दिली. राजकारणातला त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय कोणता असं विचारलं, तर मी याकडे बोट दाखवीन.

पुरावरचा इलाजही बघण्यासारखा होता. वॉशिंग्टनच्या मदतीची वाट न बघता डेटनकरांनी वर्गणीतून वीस लाख डॉलर उभे केले. ‘माळ्यावर अडकला होतात तेव्हा दिलेली वचनं आठवा’ हे त्या मोहिमेचं घोषवाक्य. आर्थर मॉर्गन या इंजिनियरने योजना आखली: नदीच्या वरच्या अंगाला पाच बांध, तेही एरवी कोरडे राहणारे, पाणी वाढलं तरच ते अडवून हळूहळू सोडणारे. पण यासाठी एका काउंटीच्या हद्दीबाहेर जाऊन जमीन घेणारी आणि कर बसवणारी यंत्रणा लागते, आणि ती उभारण्याचा कायदाच नव्हता. कॉक्स यांनी 1914 च्या सुरुवातीला तो करवून घेतला. कोर्टकचेऱ्या झाल्या, वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तरी 1922 मध्ये बांध पुरे झाले. ते आजही काम करतात.

बाकी कारभारात कॉक्स सुधारणावादी होते. 1912 मध्ये ओहायोच्या मतदारांनी राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा मंजूर केला होता. (स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मात्र नाकारली.) त्या कागदावरून कायद्यात उतरवणं हे कॉक्स यांचं काम होतं. कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या भरपाईची सक्ती, खेड्यातल्या एकशिक्षकी शाळांची फेररचना, सरकारी खर्चाच्या अंदाजपत्रकाची शिस्त. शाळांच्या फेररचनेने खेडी चिडली, एवढे कायदे कशाला अशी कुरकुर सुरू झाली, आणि 1914 मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन फ्रँक विलिस यांनी त्यांना पाडलं. त्याच दिवशी, त्याच राज्यात हार्डिंग अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. दोन वर्षांनी कॉक्स यांनी विलिसना हरवलं, 1918 मध्ये पुन्हा हरवलं.

त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग याच काळातला. पहिल्या महायुद्धाने जर्मन लोकांबद्दलचा राग पेटला होता. ओहायोत जर्मन वंशाची वस्ती दाट, सिनसिनाटीत तर पिढ्यान्‌पिढ्या जर्मनमधून शाळा चाललेल्या. कॉक्स यांनी 1919 मध्ये आठवीपर्यंत जर्मन शिकवायला बंदी घालणाऱ्या कायद्याची कड घेतली. एरवी लोकांशी भांडायची सवय असलेला हा माणूस इथे मात्र गर्दीबरोबर वाहत गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये हा कायदा रद्द केला, पण तोवर जर्मन मतदार दुरावले होते.

1920 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात मतदानाच्या 44 व्या फेरीत कॉक्स यांना डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली. तिकडे शिकागोत रिपब्लिकन अधिवेशनात हार्डिंग यांचं नाव मांडलं होतं ते विलिस यांनीच. ओहायोचं राजकारण किती आटोपशीर होतं बघा! प्रचारातही दोन पेपरांचे दोन स्वभाव दिसले. हार्डिंग मॅरियनमध्ये घराच्या ओसरीवर बसून आलेल्या-गेलेल्याशी गोड बोलत राहिले. कॉक्स देशभर सुमारे 22 हजार मैल फिरले आणि जागोजागी आरोपांच्या फैरी झाडल्या. रिपब्लिकन दीड कोटी डॉलर जमवून अध्यक्षपद विकत घेत आहेत, हा त्यातला सगळ्यात गाजलेला. सिनेटच्या समितीने चौकशी केली. कॉक्स यांना तेवढा आकडा सिद्ध करता आला नाही. मथळा झाला, बातमी उभी राहिली नाही. शिवाय लोकांचं खरं भांडण मावळते डेमोक्रॅट अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारभाराशी होतं. युद्ध, महागाई आणि लीग ऑफ नेशन्सचा (राष्ट्रसंघाचा) वाद यांना लोक कंटाळले होते.

2 नोव्हेंबरला हार्डिंगना सुमारे 1 कोटी 61 लाख मतं पडली, कॉक्सना 91 लाख. स्वतःचं ओहायोही गेलं. पिट्सबर्गच्या केडीकेए या नव्या रेडिओ केंद्राने त्या रात्री निकाल वाचून दाखवले. ऐकणारे थोडे होते, पण दोन पेपरवाल्यांच्या लढतीची बातमी पेपर निघायच्या आधी हवेतून गेली होती.

कॉक्स पुन्हा कुठल्याही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. 1933 मध्ये लंडनच्या आर्थिक परिषदेला रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून मात्र गेले. हार्डिंग यांनी 1923 मध्ये ‘स्टार’ विकून टाकला आणि काही आठवड्यांतच वारले. कॉक्स मात्र पेपर घेत सुटले. फ्लोरिडातल्या मायामीत एक घेतला, 1935 मध्ये डेटनमध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. डिसेंबर 1939 मध्ये, वयाच्या 69 व्या वर्षी, त्यांनी ‘अटलांटा जर्नल’ आणि त्याचं डब्ल्यूएसबी रेडिओ केंद्र घेतलं. त्याच सौद्यात वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या मालकीचा ‘अटलांटा जॉर्जियन’ हा प्रतिस्पर्धी पेपरही घेतला आणि लगोलग बंद करून टाकला. ते वारले 1957 मध्ये. कंपनी मुलाकडे गेली आणि आजही ती घराण्याच्याच ताब्यात आहे.